शिफारस कोणाची कराल?

विद्यार्थिमित्रहो, अशी कल्पना करा, की शनिवारची सकाळची शाळा आहे. शेवटचा तास चालू असताना शिपाईकाका सूचनावही घेऊन वर्गात येतात. बाई सूचना वाचून दाखवतात : "मुलामुलींसाठी असलेल्या एका सन्मानासाठी शाळांकडून नावे मागवली आहेत. कोणाचे नाव पाठवावे, ते कारणांसह लिहून सोमवारी आणावे."

साऱ्या वर्गाच्या माना एकाच बाकाकडे वळतात. तिथे तुमचा एक मित्र बसतो. त्याला दिसत नाही. पण भूमितीची प्रमेये तो तोंडी सोडवतो आणि आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत शाळेचे नाव राखतो. नाव सुचवायला कोणालाच वेळ लागत नाही. अडचण येते ती रविवारी दुपारी, कागद पुढे घेतल्यावर. तुम्ही लिहिता : "माझा मित्र अंध आहे. नशिबाने त्याच्यावर मोठा आघात केला आहे. तरीही तो नेहमी हसतमुख असतो. तो अतिशय जिद्दी आहे." चार वाक्ये झाली आणि लेखणी अडली. पुढे काय लिहायचे?

लेखणी का अडली, ते पाहू. प्रयोगवहीत तुम्ही "द्रावण आम्लधर्मी आहे" एवढेच लिहिलेत आणि निळा लिटमस कागद तांबडा झाला हे लिहिलेच नाही, तर सर गुण देतील का? नाही देणार. कारण तुम्ही निष्कर्ष लिहिलात, निरीक्षण लिहिले नाहीत. "तो जिद्दी आहे" हाही निष्कर्षच आहे. वाचणाऱ्याने तो का मानावा? आणि "नशिबाचा आघात" ही तर तुमच्या मित्राची कामगिरीच नव्हे. ती त्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट झाली. सन्मान द्यायचा असतो तो त्याने स्वतः काय केले ह्यासाठी.

मग शिफारस लिहायची तरी कशी? त्याचा थोडा सराव करू या. त्यासाठी आपण असा एक विद्यार्थी निवडू, की ज्याची सगळी हकिकत आपल्यापुढे आहे. त्याचे नाव लुई. आडनाव मागाहून सांगतो. काहींनी ते आताच ओळखले असेल!

विद्यार्थ्याची माहिती

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे ह्या खेड्यात झाला. हे गाव पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. त्याचे वडील घोड्यांचे खोगीर व चामड्याचा साज बनवीत. तीन वर्षांचा असताना लुई वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होता. चामड्याला भोके पाडण्याची टोकदार आरी त्याच्या हाती लागली आणि ती डोळ्यात घुसली. जखम चिघळली, तिचा संसर्ग दुसऱ्या डोळ्यालाही झाला, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. आज वेळेवर उपचार मिळाले असते, तर कदाचित निदान एक डोळा तरी वाचला असता.

आईवडिलांनी त्याला घरात बसवून ठेवले नाही. गावच्या शाळेत तो इतर मुलांबरोबर जाऊ लागला आणि नुसते ऐकून शिकू लागला. १८१९ साली, दहा वर्षांचा असताना, पॅरिसमधील अंध मुलांच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला. व्हालांतँ आउई ह्या गृहस्थांनी १७८५ साली सुरू केलेली ही शाळा जगातील अशा अगदी पहिल्या शाळांपैकी होती.

आता सांगा, एवढ्या माहितीवर लुईची शिफारस कराल? त्याची कीव जरूर येईल. पण शिफारशीला एवढे पुरे नाही. पुढे वाचा.

अडचण नेमकी कोणती होती?

आउईंच्या शाळेत पुस्तके होती. ओल्या जाड कागदावर अक्षरांचे ठसे दाबून अक्षरे वर उठवलेली असत आणि मुले त्यांवरून बोट फिरवून वाचत. ही मोठीच सोय होती. पण तिच्यात दोन दोष होते. बोटाला अक्षराचा आकार कळावा म्हणून ते खूप मोठे करावे लागे. त्यामुळे एका पानावर थोडाच मजकूर मावे, पुस्तके जाडजूड व वजनदार होत आणि ती छापणेही महाग पडे. शिवाय 'आर' आणि 'बी' ह्यांसारखी अक्षरे बोटाने चाचपून वेगळी ओळखायला वेळ लागे. वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरायची पाळी येई.

दुसरा दोष त्याहून मोठा. ही अक्षरे मुलांना वाचता येत, पण लिहिता येत नसत. वहीत टिपण काढणे नाही, गणित मांडणे नाही, घरी पत्र धाडणे नाही! ज्याला लिहिता येत नाही, तो सदा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारच.

लुईने ही अडचण नेमकी ओळखली. आउईंची अक्षरे डोळ्यांसाठी बनलेल्या अक्षरांची नक्कल होती. बोटासाठी लिपी हवी असेल, तर तिची सुरुवात बोटापासूनच करायला हवी.

बोटाची परीक्षा

बोटाला काय कळते, ते तुम्हीही तपासून पाहू शकता. केसांना लावायचा, बोथट टोकांचा एक आकडा घ्या. त्याची दोन टोके एकमेकांपासून तीन मिलिमीटरवर येतील असा तो वाकवा. मित्राला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही टोके त्याच्या तर्जनीच्या पेरावर एकाच वेळी हलकेच टेकवा. "टोके किती?" असे विचारा. बहुतेक वेळा तो "दोन" म्हणेल. आता तेवढ्याच अंतरावरची टोके मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला टेकवा. तो "एक" म्हणेल! तिथे दोन टोके वेगळी कळण्यासाठी ती तीन-चार सेंटिमीटर दूर न्यावी लागतात.

ह्याचे कारण त्वचेखाली आहे. बोटाच्या टोकाशी स्पर्श टिपणारे मज्जातंतू अगदी दाटीने असतात. हातावर ते विरळ असतात. म्हणून बोटाचे पेर दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन ठिपके वेगळे ओळखते. बोट थोडे सरकवले तर ते आणखी चांगले ओळखते. पण ह्या पेरालाही मर्यादा आहे. एका वेळी ते साधारण एक सेंटिमीटरचाच भाग नीट तपासू शकते.

लुईजवळ मज्जातंतूंची ही माहिती नव्हती. त्याच्याजवळ होती ती स्वतःची बोटे आणि चिकाटी.

बारा ठिपके आणि सहा ठिपके

१८२१ साली शार्ल बार्बिये नावाच्या एका माजी तोफखाना अधिकाऱ्याची पद्धत शाळेत आली. तिच्यात अक्षरांचे आकार नव्हतेच; कागदावर उठवलेले ठिपके होते. बार्बिये ह्यांनी फ्रेंच भाषेतील उच्चारांचा एक तक्ता केला होता. त्यात सहा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत सहा घरे. उच्चार कितव्या ओळीत आहे, तितके ठिपके डावीकडे आणि त्या ओळीत कितवा आहे, तितके उजवीकडे. ठिपके टोकदार साधनाने कोणालाही कागदावर उठवता येत. म्हणजे अंध मुलांना आता लिहिताही येणार होते!

शाळेतली मुले हरखली. लुई तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने ती पद्धत शिकून घेतली आणि तिच्यातील दोष शोधू लागला. सहाव्या ओळीतील सहावा उच्चार लिहायचा तर बारा ठिपके लागत. आजच्या अंतराने, म्हणजे दोन ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर ठेवून, सहा ठिपक्यांची उभी रांग मांडली, तर तिची उंची साडेबारा मिलिमीटर होते. ती पेरात मावत नाही. बोट वर-खाली फिरवून ठिपके मोजत बसावे लागते. शिवाय ही पद्धत उच्चारांची होती. तिच्यात शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते, संगीताच्या खुणा नव्हत्या.

पुढली तीन वर्षे लुई ठिपके मांडत आणि मोडत राहिला. शाळेचा अभ्यास आटोपल्यावर रात्री, आणि सुटीत गावी गेल्यावर दिवसा. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला हवी ती मांडणी सापडली : दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन जागा. एकूण सहा.

आता गणित करा. बार्बिये ह्यांच्याकडे बारा ठिपक्यांपर्यंत मजल जाऊनही खुणा किती होत? सहा गुणिले सहा, म्हणजे ३६. कारण त्यांच्या पद्धतीत ठिपके किती, एवढेच मोजले जाई. लुईने ठिपका कोणत्या जागी आहे, ह्याला महत्त्व दिले. प्रत्येक जागी दोनच शक्यता : ठिपका आहे किंवा नाही. सहा जागांसाठी २ × २ × २ × २ × २ × २ = ६४. त्यांतली सगळ्या जागा रिकाम्या असलेली एक वगळा. उरल्या ६३ खुणा! ठिपके निम्मे झाले आणि खुणा जवळजवळ दुप्पट झाल्या. आणि तीन ठिपक्यांची उंची? अवघी पाच मिलिमीटर. सगळे अक्षर एका स्पर्शात पेराखाली येते. 'आहे किंवा नाही' ह्या दोन शक्यतांवरच आजचा संगणकही चालतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

त्याने खुणा वाटेल तशा वाटल्या नाहीत. पहिली दहा अक्षरे वरच्या चार जागांतच बसवली. पुढली दहा करताना त्याच दहा आकृत्यांत डावीकडचा खालचा ठिपका मिळवला. म्हणजे पहिली दहा पाठ झाली, की पुढली दहा जवळजवळ फुकटच येतात.

ही ब्रेल लिपी, आणि लुईचे आडनाव ब्रेल, हे आता सांगायला नकोच. आपल्या देशातील भाषांसाठी ह्याच सहा ठिपक्यांवर आधारलेली 'भारती ब्रेल' १९५१ साली ठरली. डाव्या रांगेतील जागांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६ असे क्रमांक देतात. मराठीत 'कमल' लिहायचे तर क साठी १-३, म साठी १-३-४ आणि ल साठी १-२-३ हे ठिपके उठवावे लागतात. फ्रान्समधील वाचकाचे बोट हीच तीन अक्षरे के, एम, एल अशी वाचील.

आता शिफारस लिहू

समजा, १८२९ साल आहे. लुई वीस वर्षांचा आहे. त्याने आपल्या लिपीचे पुस्तक नुकतेच प्रसिद्ध केले आहे. पॅरिसमध्ये तरुणांसाठी एखादा सन्मान आहे आणि पत्र तुम्हांला लिहायचे आहे. ते असे लिहिता येईल :

"लुई ब्रेल, वय वर्षे वीस, ह्यांचे नाव आम्ही सुचवीत आहोत. ते ह्या शाळेत विद्यार्थी म्हणून आले व गेल्या वर्षापासून येथेच साहाय्यक शिक्षक आहेत. अंध मुलांना आपले आपण लिहिता येत नाही, ही अडचण त्यांनी हेरली. उपलब्ध असलेल्या दोन्ही पद्धती त्यांनी शिकून पाहिल्या व त्यांतील दोष नेमके दाखवले. तीन वर्षांच्या प्रयोगांनंतर, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. तिच्यात अक्षरांबरोबरच अंक, विरामचिन्हे व संगीतलेखनाचीही सोय आहे. शाळेतील मुले ह्या लिपीत टिपणे काढतात. लिपीत अजून काही ठिकाणी ठिपक्यांबरोबर आडव्या रेघा येतात. त्या बोटाला कळायला जड जातात. ती सुधारणा व्हावयाची आहे."

ह्या पत्रात काय आहे आणि काय नाही, ते पाहा. आरीची गोष्ट नाही. ज्या हत्याराने डोळे गेले, तशाच टोकदार हत्याराने तो लिहू लागला, हा योगायोग लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. पण त्यात लुईचे कर्तृत्व काय? म्हणून तो गाळला. 'बिचारा' नाही, 'असूनसुद्धा' नाही. 'जिद्दी' हा शब्दही नाही; पण तीन वर्षांचे प्रयोग वाचल्यावर तो वाचणाऱ्याच्याच मनात येतो. आणि उणीव लपवलेली नाही. आडव्या रेघांचा तो दोष लुईने पुढे १८३७ सालच्या आवृत्तीत दूर केला.

उशिराची किंमत

लुईच्या लिपीचे पुढे काय झाले? शाळेचे प्रमुख पिन्ये ह्यांचा तिला पाठिंबा होता. १८४० साली ते गेले आणि द्युफो प्रमुख झाले. डोळस शिक्षकांना जी लिपी वाचता येत नाही, ती शाळेत कशाला, असे त्यांचे मत. त्यांनी ब्रेल लिपीचे शिक्षण बंद केले. मुले मात्र चोरून त्या लिपीत लिहीत राहिली. जी वस्तू वापरणाऱ्याला सोडवत नाही, तिची परीक्षा आपोआपच झालेली असते! अखेर द्युफोंचे साहाय्यक ग्वादे ह्यांनी त्यांचे मन वळवले. १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात लोकांसमोर ह्या लिपीचे प्रात्यक्षिक झाले आणि तिला पुन्हा जागा मिळाली.

पण लुईला क्षयाने ग्रासले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. फ्रान्समध्ये त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ साली, म्हणजे लिपी तयार झाल्यावर तीस वर्षांनी आणि ती करणारा गेल्यावर दोन वर्षांनी. १९५२ साली त्याच्या अस्थी राष्ट्रपुरुषांच्या पॅरिसमधील स्मारकात, पाँतेआँमध्ये, समारंभाने नेण्यात आल्या. तो मान पाहायला लुई नव्हता.

म्हणून शिफारस नुसती खरी असून भागत नाही; ती वेळेवरही व्हावी लागते. ह्या तीस वर्षांत अंध मुलांच्या किती पिढ्या शाळेत आल्या आणि लिहायला न शिकताच बाहेर पडल्या असतील, ह्याचा विचार करा.

तुमच्या वर्गातील मित्रासाठी

आता आपल्याकडे येऊ. केंद्र सरकारचा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार पाच ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. शौर्य, क्रीडा, समाजसेवा, विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, कला व संस्कृती अशी त्याची क्षेत्रे आहेत. त्यासाठी कोणीही नाव सुचवू शकतो. मुलगा वा मुलगी स्वतःही अर्ज करू शकते. दिव्यांग व्यक्तींसाठी वेगळे राष्ट्रीय पुरस्कार आहेत आणि त्यांत मुलांसाठीही एक विभाग आहे. त्या त्या वर्षीचे नियम मुख्याध्यापकांकडून समजून घ्यावेत.

मुंबईची जलतरणपटू जिया राय हिचे उदाहरण पाहा. तिला स्वमग्नता आहे. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी, बारा वर्षांची असताना, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर समुद्रातून ८ तास ४० मिनिटांत पोहत गेली. २०२२ साली तिला क्रीडा क्षेत्रासाठी बाल पुरस्कार मिळाला. अंतर, वेळ, तारीख एवढे लिहिल्यावर विशेषणांची गरज उरते का?

तुमच्या मित्राने समुद्र पोहला नसेल, लिपीही शोधली नसेल. हरकत नाही. कागद घ्या आणि ह्या प्रश्नांची उत्तरे लिहा. त्याने कोणती अडचण ओळखली? ती सोडवण्यासाठी काय काय करून पाहिले? किती दिवस? काय फसले? शेवटी काय साधले, आणि त्याचा उपयोग आणखी कोणाला झाला? आकृत्या वाचता येत नाहीत म्हणून त्याने पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून त्रिकोण केले असतील आणि तेच पुढे खालच्या वर्गातील मुलांना उपयोगी पडले असतील, तर ते त्रिकोण किती, हे मोजून लिहा.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लिहिण्याआधी त्याला विचारा. आपल्याबद्दल काय लिहावे आणि काय लिहू नये, हे सांगण्याचा हक्क त्याचा आहे. दोन, वर्गात नीट पाहा. २०१६ सालच्या कायद्याने आपल्या देशात एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. १९९५ च्या कायद्यात ती सातच होती. ह्या एकवीसांत सहज न दिसणारीही आहेत. वाचताना अक्षरे उलटसुलट होणारी एखादी मैत्रीण मागच्या बाकावर मुकाट्याने झगडत असेल. तिच्याकडे अजून कोणाची मान वळलेली नसेल.

शिक्षकांनाही एक विनंती. पत्रासोबत शाळेने स्वतःसाठीही एक कागद लिहावा : ह्या विद्यार्थ्याला आमच्या शाळेत काय अडले? पायऱ्यांशेजारी उतरण नव्हती, की फळ्यावर लिहिलेले कोणी वाचून दाखवीत नव्हते? मुलाच्या चिकाटीचा सन्मान करायचा आणि ती चिकाटी ज्या अडथळ्यांवर खर्च झाली ते तसेच ठेवायचे, हे काही बरे नव्हे.

तेव्हा मित्रहो, ती पहिली चार वाक्ये खोडून टाका. कागद सोमवारी द्यायचा आहे. रविवारची दुपार अजून शिल्लक आहे. आधी मित्राच्या घरी जा आणि त्याने काय काय केले, ते त्याच्याच तोंडून ऐका.